दोघांचा टेनिस

टीव्हीवर टेनिस लागलं की आपण चॅनेल बदलतो, कारण गुण कसे मोजतात तेच कळत नाही. आज त्यातला दुहेरीचा, म्हणजे दोन विरुद्ध दोन असा खेळ समजून घेऊ. उदाहरण घेऊ पॅरिसचं. तिथल्या बेर्सी भागातल्या मोठ्या बंदिस्त सभागृहात बरीच वर्षं ही स्पर्धा भरायची. छताखाली ना वारा, ना ऊन डोळ्यांवर. चेंडू फेकावा तसाच जातो, त्यामुळे पहिला फटका मारणाऱ्याचं फावतं.

एकेरीत मैदान 27 फूट रुंद, दुहेरीत 36. दोघांनी मिळून तेवढं राखायचं. एक मागून सर्व्हिस करतो, दुसरा जाळीपाशी उभा राहून पाठीमागे हाताने खुणा करतो. मी आडवा धावणार की जागेवर थांबणार, हे त्या बोटांवरून जोडीदाराला कळतं. 40-40 अशी बरोबरी झाली की एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो. दोन सेट वाटले गेले तर तिसरा पूर्ण सेट नसतोच, 10 गुणांचा छोटा डाव असतो. म्हणून एक चूकही महागात पडते. बक्षिसाची रक्कम एकेरीपेक्षा बरीच कमी, आणि तीही दोघांत वाटायची!

2011 मध्ये पॅरिसला जिंकले कूर्गचे रोहन बोपण्णा आणि लाहोरचे ऐसाम-उल-हक कुरेशी. भारत-पाकिस्तानची जोडी! त्यांनी फ्रान्सच्याच बेनेतो आणि माहू यांना 6-2, 6-4 असं हरवलं. आदल्या वर्षी अमेरिकेतल्या स्पर्धेत त्यांचा खेळ बघायला संयुक्त राष्ट्रांतले दोन्ही देशांचे राजदूत शेजारी बसले होते.

पण 2012 मध्ये लंडनचं ऑलिंपिक आलं. तिथे जोडीदार आपल्याच देशाचा लागतो. बोपण्णा महेश भूपतींबरोबर खेळू लागले. हा हिशेब मला पटतो, तरी वाचताना चुटपुट लागतेच. त्याच वर्षी पॅरिसच्या अंतिम सामन्यात जाळीपलीकडे कोण असावं? कुरेशी, नेदरलँडच्या रॉयर यांच्यासोबत. बोपण्णा-भूपती 7-6, 6-3 असे जिंकले.

2014 मध्ये बोपण्णा आणि कुरेशी पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी दुबईची स्पर्धा जिंकली.