फाइल हजर आहे का?

रोज सकाळी वर्गात हजेरी होते. नाव पुकारले की "हाजिर" असे उत्तर येते. आपल्या उर्दूतील 'हाजिरी' आणि मराठीतील 'हजेरी' या एकाच घरच्या बहिणी. संगणकातही अशी हजेरी घ्यावी लागते, ती फाइलींची.

भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी यंत्रे धातू कापतात. तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा भाईजान अशा यंत्रावर काम करत असतील. कोठे आणि किती वेगाने कापायचे, या सूचना साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेल्या असतात. समजा, एका भागाची फाइल संगणकावर तयार आहे आणि कोणी दुसऱ्या भागाच्या सूचना त्याच नावाने साठवल्या. जुन्या सूचना पुसल्या जातात. यंत्राला हे कसे कळणार? ते मिळालेल्या सूचनेप्रमाणे कापते. मग जॉब वाया जातो, कधी टूलही तुटते.

मजकूर लिहिण्यासाठी 'विम' नावाचा संपादक वापरतात. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने तो १९९१ मध्ये लोकांपुढे आणला. विममध्ये तुम्ही हाताने नवे नाव देऊन फाइल साठवू लागलात आणि त्या नावाची फाइल आधीच असली, तर तो तुम्हांला अडवतो. पण विमची स्वतःची आज्ञाभाषा आहे, 'विमस्क्रिप्ट'. तिच्यातील 'राइटफाइल' हे फंक्शन काहीही न विचारता जुन्या फाइलीवर नवे लिहिते. म्हणून आधी हजेरी घ्यावी.

त्यासाठी 'फाइलरीडेबल' हे फंक्शन आहे. त्याच्या कंसात फाइलीचे नाव लिहायचे. उत्तर १ आले तर फाइल आहे आणि वाचता येते. उत्तर ० आले तर? येथेच फसगत होते. फाइल नसेल तरी ०, असूनही वाचण्याची परवानगी नसेल तरी ०, आणि ते नाव फोल्डरचे असेल तरीही ०! मूल वर्गात बसले आहे, पण "हाजिर" म्हणत नाही, असाच हा प्रकार. फक्त अस्तित्व पाहायचे असेल तर 'ग्लॉब' हे फंक्शन बरे. ते सापडलेले नाव परत देते; काहीच सापडले नाही तर उत्तर रिकामे येते. फोल्डर ओळखण्यासाठी 'इजडिरेक्टरी' आहे.

एकदा मी गुणांची यादी अशीच तपासली. उत्तर ० आले, म्हणून नवी यादी केली. जुनी यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये होती! अर्धे गुण एकीकडे, अर्धे दुसरीकडे. सारी संध्याकाळ ते जुळवण्यात गेली. नुसते नाव दिले तर विम चालू फोल्डरमध्येच शोधतो. तेव्हापासून मी फाइलीचा पूर्ण पत्ता लिहितो.

लिनक्सवर नावातील इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे मानले जाते. उर्दूत किंवा मराठीत असा भेद नाही, म्हणून ही चूक आपल्या डोळ्यांना लवकर दिसत नाही.