एकच घटक, दोन खनिजे

भट्टीत धातू वेगळा झाल्यावर जी काळी, सच्छिद्र मळी उरते, ती आपण टाकाऊ समजतो. पण ग्रीसमधील लॉरिअन येथील मळीचा तुकडा भिंगाखाली धरला, तर त्याच्या पोकळ्यांत रंगहीन, चकचकीत स्फटिक दिसतात. हे तेथे कोठून आले?

लॉरिअन हे अथेन्सच्या आग्नेयेस समुद्रकाठी आहे. तेथील शिशाच्या धातुकांत चांदीही असे. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास चांदीचा मोठा साठा हाती लागला. थेमिस्टोक्लीझच्या सल्ल्यावरून अथेन्सने त्या पैशातून युद्धनौका बांधल्या आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव झाला. चांदी गेली; मळी मात्र किनाऱ्यावर व पाण्यात पडून राहिली. तिच्यात बरेच शिसे शिल्लक होते. समुद्राचे पाणी पोकळ्यांत शिरत राहिले. त्यातील क्लोराइड आणि शिसे यांच्यात शतकानुशतके रासायनिक क्रिया होऊन नवी खनिजे बनली. त्यांपैकी एकाला १८८७ मध्ये गावावरून ‘लॉरिओनाइट’ हे नाव मिळाले. १८९९ मध्ये हर्बर्ट स्मिथ यांनी ‘पॅरालॉरिओनाइट’चे वर्णन केले.

आता खरी अडचण पाहा. दोन्हींत शिशाच्या प्रत्येक अणूमागे क्लोरिनाचा एक अणू आणि एक हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणजे रासायनिक पृथक्करण कितीही काटेकोरपणे करा, दोघांचे उत्तर एकच! मग ती दोन खनिजे कशी? हिरा आणि ग्रॅफाइट आठवा. दोन्ही कार्बनच, पण अणूंची मांडणी निराळी. येथेही तसेच आहे. लॉरिओनाइट समचतुर्भुजी, तर पॅरालॉरिओनाइट एकनत स्फटिकसंहतीत मोडते.

ओळखायचे कसे? पॅरालॉरिओनाइटाचे पातळ पत्रे सुईच्या टोकाने दाबले, तर वाकतात. पण नाजूक नमुन्यावर असा प्रयोग कोण करणार? दुसरा मार्ग ध्रुवण सूक्ष्मदर्शकाचा. काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये स्फटिक फिरवला की तो ठराविक स्थितीत काळोखा होतो. लॉरिओनाइटाची लांबट कांडी ध्रुवकाच्या दिशेला समांतर येताच काळोखी होते. पॅरालॉरिओनाइट काही बाजूंनी पाहिल्यास तिरके असताना काळोखे होते. मात्र इतर बाजूंनी तेही सरळच वागते आणि फसवते. म्हणून अखेरचा निवाडा क्ष-किरण विवर्तनाने करतात. चिमूटभर चूर्णावर क्ष-किरण सोडले की अणूंच्या थरांतील अंतरे कळतात. ही अंतरे दोन्ही खनिजांत वेगळी असतात.

आणखी एक प्रश्न उरतो. मळी माणसाने केली, मग तिच्यातील स्फटिकांना खनिज म्हणावे काय? आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटनेच्या १९९५ मधील व्याख्येनुसार मानवनिर्मित पदार्थांवर निसर्गाची क्रिया होऊन बनलेले नवे पदार्थ खनिज म्हणून स्वीकारले जात नाहीत. पूर्वी मान्य झालेली लॉरिअनची नावे मात्र कायम आहेत.

तेव्हा, मित्रांनो, ‘कशाचे बनले आहे?’ एवढे विचारून थांबू नका. ‘कसे रचले आहे?’ हेही विचारा. आणि शिशाचा कोणताही नमुना हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. शिसे विषारी असते.