सरळसेवेचा संघ आणि पदोन्नतीचा संघ

आपल्या वस्त्यांमध्ये क्रिकेट घरोघरी आहे, कबड्डीची मंडळे आहेत, पण फुटबॉल म्हटले की पोरे टीव्हीवर परदेशी संघांची नावे पाठ करतात आणि थांबतात. आपल्याच देशातील फुटबॉलमध्ये काय घडते याची चर्चा चहाच्या टपरीवर क्वचितच होते. म्हणून आम्ही आज मिझोराममधील एका संघाची हकीकत सांगणार आहोत. ही हकीकत खेळाची आहे, पण ज्याने कधी कचेरीत ज्येष्ठतेची यादी पाहिली आहे, रोस्टरसाठी भांडण केले आहे, त्याला ती लगेच उमगेल.

२०१५-१६ च्या हंगामात आय-लीग ही देशाची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा होती. (आयएसएल त्या वेळी सुरू झालेली होती, परंतु ती दोन-तीन महिन्यांची वेगळी स्पर्धा होती, राष्ट्रीय विजेता ठरायचा तो आय-लीगमधूनच.) त्या हंगामात नऊ संघ होते. प्रत्येकाने सोळा सामने खेळले. एप्रिल २०१६ मध्ये गुणतक्ता पूर्ण झाला तेव्हा तळाला, म्हणजे नवव्या क्रमांकावर, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा संघ होता. त्याच्या एक पायरी वर, आठव्या क्रमांकावर, ऐझॉल फुटबॉल क्लब होता. जगभर रीत अशी की जो शेवटी राहतो तो खालच्या श्रेणीत जातो. येथे मात्र आठवा गेला आणि नववा राहिला.

हे कसे झाले ते समजून घेण्यासाठी दोन्ही संघ वर कसे आले ते पाहावे लागेल.

ऐझॉलचा क्लब १९८४ साली स्थापन झाला. मिझो करार झाला १९८६ च्या जूनमध्ये, आणि मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला २० फेब्रुवारी १९८७ रोजी. म्हणजे हा क्लब त्या राज्याहून वयाने मोठा. ज्या शहरावर मार्च १९६६ मध्ये आपल्याच वायुदलाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, त्या शहराचा हा क्लब. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी वाचली नाही. म्हणून मुद्दाम येथे लिहून ठेवतो. तेथील मैदाने डोंगर कापून केलेली. सपाट जमीन अशी मिळतच नाही. पण पोरे खेळतात. २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली, स्थानिक केबल वाहिनीवर तिचे सामने दिसू लागले, आणि २०१४ मध्ये मिझोरामने रेल्वेला ३-० असे हरवून संतोष करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, ऐझॉलने आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकली आणि तो वर आला. मिझोराममधून वरच्या श्रेणीत पोहोचलेला हा पहिला क्लब. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर परीक्षा देऊन, गोपनीय अहवाल चांगले राखून, रांगेत उभे राहून मिळवलेली पदोन्नती.

पुण्याचा संघ आला तो सरळसेवेने. दुसऱ्या श्रेणीत तो काही वर्षे खेळला होता, पण वर येण्याइतके यश त्याला मिळाले नव्हते. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची एक योजना होती, तिचा आधार मिळाला. जी कंपनी पैसा लावील, पायाभूत सोयी दाखवील, तिच्या संघाला थेट वरच्या श्रेणीत प्रवेश. वर आणखी सवलत अशी की पहिली तीन वर्षे खाली जाण्याची भीती नाही. २०१५ च्या अखेरीस या दाराने डीएसके शिवाजियन्स आत आला.

आता येथे न्यायाने बोलले पाहिजे. नियम कोणी चोरून बदलला नव्हता. हंगाम सुरू होण्यापूर्वी तो सर्वांना ठाऊक होता. महासंघाचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते: नवा मालक पैसा घालतो, पहिल्याच वर्षी संघ खाली गेला तर तो गाशा गुंडाळील, म्हणून त्याला स्थिर व्हायला वेळ द्यावा. ठीक आहे. नव्याला वेळ लागतो, हे आम्हाला मान्य आहे. आपला समाज तर हेच सांगत आला आहे. पण मग तोच वेळ खालून चढून आलेल्या संघाला का नाही? पैसा घेऊन आलेल्याला तीन वर्षांचे संरक्षण, आणि घाम गाळून आलेल्याला पहिल्या वर्षापासून खुली स्पर्धा. गंमत अशी की जी मंडळी आपल्या मुलांच्या सवलतींना कुबड्या म्हणतात, त्यांना खासगी महाविद्यालयातील देणगीची जागा ही कुबडी वाटत नाही. तेथे गुणवत्तेचा प्रश्न कोणी विचारत नाही.

ही पहिली वेळही नव्हती. आदल्याच वर्षी, २०१४-१५ मध्ये, अकरा संघांत शेवटचा आला होता पुण्याचाच भारत एफसी. तोही थेट प्रवेशाचा, त्यालाही संरक्षण. खाली गेला गोव्याचा धेंपो, जो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला होता. आणि ज्याच्यासाठी धेंपोला उतरवले, त्या भारत एफसीने त्या एका हंगामानंतर दुकान बंद केले. त्याच वर्षी शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह हा नुकताच वर आलेला संघ पहिल्याच हंगामात तिसरा आला होता. तोसुद्धा त्यानंतर स्पर्धेतून बाहेर पडला. तेव्हा संरक्षण देऊन संघ टिकतातच असे नाही, आणि चांगले खेळूनही टिकतात असे नाही. हे खाते मोठे गुंतागुंतीचे आहे.

ऐझॉलच्या त्या पहिल्या हंगामाकडे वळू. ज्यांनी मुंबईहून गावी जाताना लाल गाडीचे हाल सोसले आहेत त्यांना कल्पना येईल. २०१६ मध्ये ऐझॉलपर्यंत रेल्वे नव्हती. (ती शेजारच्या सायरांगपर्यंत पोहोचली सप्टेंबर २०२५ मध्ये.) विमानतळ लेंगपुईला, शहरापासून डोंगरी वळणांनी सुमारे तीस किलोमीटर. तेथून कोलकाता किंवा गुवाहाटी, मग पुढे बंगळूर, गोवा, मुंबई, पुणे. दर दुसऱ्या सामन्याला देश ओलांडायचा. मोठ्या संघांकडे मोठा ताफा असतो. दमलेल्याला बसवून ताजा उतरवता येतो. ऐझॉलकडे बहुतेक आपलीच गावची पोरे. हंगामात प्रशिक्षक बदलावा लागला; स्पॅनिश प्रशिक्षक गेले, कोलकात्याचे जहर दास आले. आपल्या घरच्या मैदानावर हा संघ कोणालाही जड जाई, पण बाहेर गुण गळत. शेवटी आठवा क्रमांक. तोही आपल्या खेळाचाच हिशेब, हे कबूल केले पाहिजे. दोन-तीन सामने आणखी जिंकले असते तर नियमाचा प्रश्नच आला नसता.

परंतु लीग संपल्यावर जे झाले ते पाहण्यासारखे आहे. मे महिन्यात फेडरेशन चषक होता. पदावनत झालेला हा संघ तेथे उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याने कोणाला हरवले? त्या वर्षीचा लीग विजेता बंगळूर एफसी. मग उपांत्य फेरीत गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबला. २१ मे २०१६ रोजी गुवाहाटीत अंतिम सामना झाला, तेथे मोहन बागानने मात्र ५-० असा धुव्वा उडवला. पाच गोल ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण ज्या संघाला वरच्या श्रेणीत राहण्याची पात्रता नाही असे कागदाने ठरवले, तो देशाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात उभा होता, हे कागदाच्या मागे बसलेल्यांनाही दिसले असेल.

ऐझॉलने महासंघाकडे दाद मागितली. अर्ज, विनंत्या, पुन्हा अर्ज. आपल्याला हे नवे नाही. न्याय म्हणून त्यांना जागा परत मिळाली नाही, हेही लक्षात ठेवावे. जागा मिळाली ती रिकामी झाली म्हणून. आयएसएलला वरचे स्थान देण्याच्या आराखड्याला कंटाळून गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि दुसरी श्रेणी जिंकून परत आलेला धेंपो असे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. संघ कमी पडू लागले. तेव्हा २०१६ सरता सरता ऐझॉलला पुन्हा आत घेण्यात आले.

येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. खालिद जमील हे मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक होते. फारसा पैसा नसलेला संघ त्यांनी दर वर्षी खाली जाण्यापासून वाचवला. २०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला. ते ऐझॉलला गेले. त्यांच्यासोबत मुंबई एफसीत खेळलेले आशुतोष मेहता आणि आपल्या मुंबईचा जयेश राणे हेही त्या संघात आले. गोव्याचा गोलरक्षक अल्बिनो गोम्स होता. सीरियाचा अल अमना, लायबेरियाचा जारयान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी होते. आणि बाकी मिझो पोरे. वर्तमानपत्रांनी त्या संघाचा खर्च दोन कोटींच्या आसपास सांगितला होता. मोठ्या क्लबांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती.

२२ एप्रिल २०१७. ऐझॉलच्या राजीव गांधी मैदानावर समोर मोहन बागान, ज्यांनी अकरा महिन्यांपूर्वी पाच गोल चढवले होते. सामना संपायला थोडी मिनिटे उरली असताना झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-०. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना, लाजाँगविरुद्ध. ऐझॉलला बरोबरी पुरत होती. समर्थक डोंगरी रस्त्याने मोटारी भरभरून तेथे पोहोचले. लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला. तास उलटून गेला तरी ऐझॉल मागेच. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली आणि ती शेवटपर्यंत टिकली. अठरा सामन्यांत सदतीस गुण. मोहन बागानला छत्तीस. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. ज्याला वर्षापूर्वी खाली ढकलले होते तो देशाचा विजेता.

आमच्या काही तरुण मित्रांना हे ऐकून लगेच बाळू पालवणकरांची आठवण झाली, आणि ती योग्यच आहे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चर्मकार गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू त्यांचा चालत होता, कप चालत नव्हता. कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले १९२३ मध्ये, तेही मोठ्या भांडणानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. तरीही तरुणपणी बाबासाहेबांना या खेळाडूचा अभिमान वाटत असे.

मात्र तुलना ताणू नये. ऐझॉल हा गरिबांनी वर्गणी काढून चालवलेला संघ नव्हे. त्याचे मालक रॉबर्ट रोयते हे तेथील मोठे व्यावसायिक. पुढे ते आमदार झाले, मिझोरामचे क्रीडा राज्यमंत्रीही झाले. शिवाय मिझोराममध्ये जे आपले चकमा बौद्ध बांधव राहतात, त्यांच्या तेथील बहुसंख्याकांविषयी तक्रारी आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ज्याच्यावर एका ठिकाणी अन्याय होतो तो दुसऱ्या ठिकाणी निर्मळ असतोच असे नाही. पण दिल्ली-मुंबईच्या रस्त्यात ज्या मिझो मुला-मुलींना डोळ्यांवरून नावे ठेवली जातात, त्यांनी त्या एप्रिलमध्ये मान जरा ताठ केली असेल, तर त्याचा आनंद आम्हाला का होऊ नये?

विजेतेपदानंतरही त्यांचा पाठलाग सुटला नाही. आयएसएलला वर नेण्याचा आराखडा पुढे सरकत होता आणि राष्ट्रीय विजेत्यालाच दुय्यम श्रेणीत बसवण्याची वेळ येणार होती. २०१७ मध्ये ऐझॉलच्या मालकांनी दिल्लीत आमरण उपोषणाचा इशारा दिला. जिंकल्यावर उपोषण, असे दुसऱ्या कोणत्या देशात घडते आम्हाला ठाऊक नाही. जानेवारी २०१८ मध्ये संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणला गेला आणि झोब आहनकडून ३-१ असा हरला. आयएसएल अखेर वर गेली. आय-लीगच्या विजेत्याला त्या वरच्या श्रेणीत दार उघडले ते २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी.

खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांना निरोप देणारा मुंबई एफसी २०१७ मध्ये दहा संघांत दहावा आला, खाली गेला आणि बंद पडला. तीन वर्षांचे संरक्षण मिळालेला डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी, दुसऱ्याच हंगामानंतर, स्पर्धेतून गेला. तिसरे वर्ष तसेच शिल्लक राहिले.