संस्था आहे ना, मग सरकार कशाला?

नागपुरात सरकारी दवाखान्यांचा किंवा शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘सरकारला जमत नाही म्हणून संस्था करतात, सगळे त्यांच्याकडेच देऊन टाका.’ दाखलाही ठरलेला, गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बालमृत्यू कमी करून दाखवले आणि सरकार बघत बसले, असे ठासून सांगितले जाते. वैताग येतो तो एवढ्यासाठी की हा समज खोटा ठरवणारा पुरावा याच दाखल्यात आहे. सांगणारे तो अर्ध्यावर सोडतात.

पुरा दाखला असा. १९९३ ते १९९८ या काळात ‘सर्च’ने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला ऊब देणे, वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे त्या शिकल्या. नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. गप्पांमधली गोष्ट इथे संपते. पण ३९ गावे म्हणजे देश नव्हे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, गावोगावी ‘आशा’ आल्या आणि २०११ मध्ये केंद्राने नवजात बाळासाठी गृहभेटी हा त्यांच्या कामाचा भाग केला. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात. आज देशात नऊ लाखांहून अधिक आशा आहेत. कोणत्याही संस्थेला, तिच्या मागे कितीही मोठा देणगीदार असला तरी, एवढा पसारा उभा करता आला नसता. उलट, पाच वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून राहणे आणि बाळाला इंजेक्शन देण्याचे काम गावातल्या बाईवर सोपवण्याचा धोका पत्करणे सरकारी खात्यालाही सहज जमले नसते. संस्थेने वाट शोधली आणि सरकारने तिचा रस्ता केला. यातले एक वजा केले तर दुसरे अपुरे पडते.

यावर आक्षेप येतो की सरकारी पैसा घेतला की संस्था सरकारीच होते. त्याला उत्तर नागपूरपासून दीड-दोन तासांवर सेवाग्रामला आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेले तिथले वैद्यकीय महाविद्यालय कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. खर्चाची ठरलेली वाटणी अशी: केंद्र ५० टक्के, राज्य २५ आणि सोसायटी २५. तीन चतुर्थांश पैसा सरकारचा असूनही खादीचा आग्रह आणि विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन राहण्याची पद्धत संस्थेने टिकवली. म्हणजे पैशाने संस्थेचा स्वभाव बदलतोच असे नाही. करारात कुणाच्या हाती काय ठेवले आहे, त्यावर ते ठरते. २००७ च्या राष्ट्रीय स्वयंसेवी क्षेत्र धोरणातही भागीदारीची तीन साधने सांगितली आहेत: सल्लामसलत, धोरणात्मक सहकार्य आणि प्रकल्पांसाठी निधी. प्रत्यक्षात तिसऱ्याचीच चर्चा होते, म्हणून ‘संस्था म्हणजे सरकारी कंत्राटदार’ हा उलटा गैरसमजही पसरतो.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकू नये. ‘सेवा’ या शब्दाआड काम स्वस्तात करून घेतले जाते. आशा सरकारच्या आखणीनुसार काम करते, तरी कागदोपत्री ती स्वयंसेविका; गृहभेटींच्या पूर्ण फेरीसाठी ठरलेला मोबदला होता २५० रुपये. संस्थेकडून कल्पना घेताना सरकारने तिच्यातला स्वयंसेवेचा भागही सोयीने उचलला. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘सरकार नको’ हा नाही. सरकारने आपली जबाबदारी पुरती उचलावी, हा आहे.

आता किरकोळ समज. ‘संस्थांना विचारणारे कुणी नाही’: महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. ‘माहिती अधिकार त्यांना लागू नाही’: सरकारकडून भरीव निधी मिळणाऱ्या संस्था त्या कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. ‘सगळा पैसा परदेशी’: तो परवान्याशिवाय घेताच येत नाही, आणि २०२० पासून त्यातला फार तर २० टक्के प्रशासनावर खर्च करता येतो. ‘शाळेतली खिचडी संस्थेच्या दानावर’: मोठ्या शहरांत स्वयंपाकघर संस्थेचे असेल, तरी धान्य आणि शिजवण्याचा ठरलेला खर्च सरकारचा, संस्था वर भर घालते. राहता राहिले ‘सगळे संस्थांकडे द्या’. कोणत्या संस्थांकडे? ‘सर्च’ गडचिरोलीत आहे, कारण दोन डॉक्टरांनी १९८६ मध्ये तो जिल्हा निवडला. ज्या जिल्ह्याची निवड कुणीच केली नाही, तिथेही दर ३० हजार लोकांमागे, आदिवासी भागात २० हजारांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा निकष सरकारलाच बांधतो.