टोपलीखालची राखण

राखणदार : लेखांक ६

कोकणात गावागावाला राखणदार असतो. शिवेवरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली त्याचा दगड असतो. वर्षाकाठी त्याचा मान द्यायचा, आणि त्याने गुराढोरांवर, माणसांवर लक्ष ठेवायचं, असा हा जुना करार. या करारातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. राखण फुकट मागायची नसते, हे गावाला ठाऊक असतं.

मागच्या लेखांकात आपण घरातल्या कचऱ्याबद्दल बोललो. तिथे शेवटी नेहमीचा प्रश्न उरलाच : मी एकट्याने करून काय होणार? प्रश्न रास्त आहे. एकट्याच्या उत्साहाला पुढे धरून ठेवणारा हात नसेल, तर तो महिन्याभरात थकतो. म्हणून आज एका किनाऱ्यावर जाऊ. तिथे एकटा माणूस, संस्था, सरकार आणि पाहुणा यांनी एकच काम आपसांत वाटून घेतलं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता त्याची ओळख कासवांचं गाव अशीही आहे. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था २००२ साली समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी या भागात फिरत होती. शोध पक्ष्याचा होता, पण वाळूत सापडली ती कासवाच्या अंड्यांची टरफलं. चौकशी केल्यावर कळलं की ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे अंडी घालायला येतात आणि ती अंडी माणसं काढून नेतात. काही खाण्यासाठी, काही विकण्यासाठी. माणसाच्या हातून सुटली, तर कुत्री आणि कोल्हे होतेच.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न तेव्हाच सुटलेला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण मादी येते रात्री, आणि रात्रीच्या पुळणीवर कायदा फिरायला जात नाही. तिथे माणूसच फिरायला हवा. तो कुठून आणायचा?

तो गावातच होता. अंडी काढायची तर आधी घरटं शोधता यायला हवं, आणि ते येरागबाळ्याचं काम नाही. मादी पाण्यातून वर येते तेव्हा वाळूवर तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा रुंद माग उमटतो. मागाच्या टोकाला वाळू विस्कटलेली दिसते, पण नेमकं तोंड कुठे आहे ते कळत नाही. मादी ते स्वतःच्या अंगाने चेपून बुजवून जाते. जाणता माणूस काठीने हलकेच टोचत जातो. जिथे काठी सहज आत शिरते, तिथे खाली पोकळ जागा. हे ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांच्यापैकीच काहीजण पुढे राखणीला लागले. नजर तीच राहिली, काम बदललं. आज अशा माणसांना किनाऱ्यावर ‘कासवमित्र’ म्हणतात.

या कामाचे बारकावे समजून घेण्याजोगे आहेत. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात, दीडेक फूट खोल, मडक्यासारख्या खड्ड्यात : तोंड अरुंद, पोट मोठं. भरतीचं पाणी पोचेल किंवा कुत्री उकरतील अशी जागा असेल तर अंडी हलवावी लागतात, आणि तीही काही तासांच्या आत. कारण थोड्याच वेळात आतला गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं की पिल्लू मेलं. म्हणून अंडी अलगद उचलायची, मोजायची, आणि जाळीच्या कुंपणात तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा खणून त्यात ठेवायची. तारीख आणि संख्या वहीत.

मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहायची. आई तर अंडी घालून त्याच रात्री समुद्रात परतलेली असते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते : वाळू तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर. त्यामुळे कुंपण कुठे घालायचं, सावली किती ठेवायची, हेही राखणीतच मोडतं. घरटं सुरक्षित जागी असेल तर ते जागच्या जागी राखणंच उत्तम, हलवणं हा नाइलाज.

दिवस भरत आले की प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. खाली कधी नुसती वाळू, कधी तळहातात मावणाऱ्या पिल्लांचा गलका. पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. ती उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालत जातात. नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राचीच असते. पण मागे एखाद्या रिसॉर्टचा दिवा जळत असेल तर पिल्लू समुद्राकडे पाठ करून चालू लागतं.

वेळासची खरी कल्पकता मला पुढच्या टप्प्यात दिसते. चार-पाच वर्षांनी ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला शहरातून माणसं येऊ लागली. त्यांच्यासाठी हॉटेलं बांधली गेली नाहीत. गावातल्या घरांनीच त्यांना उतरवून घेतलं. पडवीत अंथरूण, पानात भाकरी, सोलकढी, कधी मोदक. अंड्याचे पैसे एकदाच मिळतात. जिवंत पिल्लू मात्र दर हंगामाला घराघरात चार पैसे आणतं. राखणदाराचा मान असा ठरला.

अर्थात पाहुण्यांबरोबर त्यांचा उपद्रवही आला. पिल्लू हातात घेऊन फोटो, फ्लॅश, दोरीच्या पलीकडे घुसणारे पाय. ज्या गर्दीने कासव वाचवलं, तीच बेताबाहेर गेली तर त्याला मारू शकते. म्हणून पाहुण्याच्या वाट्याचं काम सर्वांत सोपं, तरी सर्वांत अवघड आहे : दोरीमागे गप्प उभं राहायचं. पिल्लं त्या वेळी दिसली नाहीत तरी कुरकुर करायची नाही.

सरकारच्या वाट्याचं काम जाळ्यात दिसतं. पूर्वी जाळ्यात कासव अडकलं तर मच्छीमारापुढे पेच असे : जाळं कापावं की कासव मरू द्यावं? २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. नुकसान कुणी सोसायचं ते ठरलं, आणि सुरी बाहेर काढणं सोपं झालं.

या सगळ्या कष्टांचं फळ मात्र लगेच हाती येत नाही. पिल्लू मादी होऊन अंडी घालायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि हजारांतलं जेमतेम एखादंच तिथवर पोचतं. तरीही कधीतरी निरोप येतो. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला होता. तो तिला २०२१ साली ओडिशात अडकवलेला होता. पूर्व किनाऱ्यावर कुणीतरी रात्र जागून तो लावला, आणि चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावर कुणीतरी रात्र जागून तो वाचला. दोघांची गाठभेट झालेली नसावी.

एकट्याने करून काय होणार, याचं माझं उत्तर एवढंच : एकट्याने करायचं ते रात्रीची एक फेरी आणि वहीतली एक ओळ. ती ओळ सांभाळायला संस्था हवी, फेरीचा मोबदला द्यायला गाव आणि सरकार हवं. ज्या कंपन्या वर्षातून एक दिवस टोप्या घालून किनारा झाडतात, त्यांनी त्याऐवजी एका कासवमित्राचं हंगामभराचं मानधन द्यावं. फोटो कमी निघतील. पण पहाटे टोपली उचलायला माणूस असेल, आणि खाली नुसती वाळू निघाली तरी तो संध्याकाळी पुन्हा येईल.

(पुढील आठवड्यात : देवराई – न तोडलेल्या फांदीचा हिशेब)