कोडाईकनालची पारा मुरलेली माती

तमिळनाडूतल्या कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला, पण सांडलेला पारा आवारातल्या मातीत मुरून राहिला. उताराखाली पांबार शोलाचं जंगल. पावसाबरोबर पारा तिकडे जाण्याची धास्ती.

सगळी माती उचलून दुसरीकडे टाकणं म्हणजे दुखणं शेजाऱ्याच्या दारात नेणं. म्हणून अशी माती आधी पाण्यानं धुतात, चाळतात. पारा बहुतेक बारीक कणांना चिकटतो. खडे आणि जाड वाळू त्यामानाने स्वच्छ निघतात. उरलेला गाळ बंद भट्टीत तापवायचा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, हवेचा दाब कमी केला तर त्याआधीच. वाफ थंड केली की पारा पुन्हा हाती येतो. धुण्याचं पाणीही शुद्ध करावं लागतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

कोडाईकनालला खरा वाद माती किती स्वच्छ झाली म्हणजे पुरे, याचा होता. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा चालेल, असं ठरलं. जंगलाच्या डोक्यावर असलेल्या जागेसाठी ही मर्यादा फार सैल आहे, असं पर्यावरण कार्यकर्ते म्हणत राहिले, आणि मला त्यांचं पटतं. मात्र कडक मर्यादेसाठी जास्त खणायचं तर झाडं पडतील, उतारावरची माती सुटेल, हा समोरचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही.