पडद्याची कावीळ

कावीळ झालेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. डॉक्टर मंडळींना हे कितपत पटेल कोण जाणे. पण घरोघरच्या संगणकांना ही म्हण तंतोतंत लागू पडते. लग्नातला एखादा फोटो हौसेने उघडावा, तर नवरीच्या वेणीतला मोगरा सायीसारखा पिवळट आणि मामांचा परीटघडीचा सदरा जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा! पाहणारा चटकन म्हणतो, ‘फोटो बिघडला.’ मग कोणी फोटोग्राफरला बोल लावतो, कोणी कॅमेऱ्याला, आणि घरातला एखादा उत्साही तरुण फोटो दुरुस्त करायलाच बसतो. फोटो बिचारा होता तसा निर्दोष असतो. बिघडलेले असते ते पडद्याविषयी संगणकाने स्वतःजवळ ठेवलेले टिपण. या टिपणाला ‘मॉनिटर प्रोफाइल’ म्हणतात.

एवढ्याशा टिपणासाठी रविवारचे पान कशाला खर्ची घालायचे, असे कोणाला वाटेल. पण आज घरोघरी जुने अल्बम संगणकात उतरवून घेण्याचे काम चालू आहे, आणि या टिपणातल्या खोटेपणाची किंमत नेमकी त्या अल्बमांना मोजावी लागते. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबात आजोबांच्या मागे चार अल्बम राहिले होते. नातवाने महिनाभर बसून सगळे फोटो स्कॅन केले. पडद्यावर सगळेच पिवळट दिसले. जुने फोटो पिवळे पडायचेच, अशी समजूत करून घेऊन त्याने एकेका फोटोतला पिवळेपणा मोठ्या मायेने कमी केला आणि प्रत्येक फोटो त्याच नावाने पुन्हा जतन केला. अल्बमची पाने कुबट झाली होती, म्हणून मूळ फोटो चार भावंडांत वाटून दिले गेले. त्यातली दोन भावंडे परदेशी. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला फोटो छापून आणले, तर सारी मंडळी थंडीने काकडल्यासारखी निळसर! आजींनी आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, माझा शालू आमसुली होता. ही जांभळा नेसलेली कोण?’’

हे असे का झाले, ते समजायला फार शास्त्र लागत नाही. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका रंगीत फितीची प्रतिमा दाखवली. लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून फितीचे वेगवेगळे फोटो घेतले होते. त्याच रंगांच्या प्रकाशात ते पडद्यावर एकमेकांवर टाकले, आणि फितीचे रंग उमटले. आपल्या संगणकाचा पडदा आजही त्याच तत्त्वावर चालतो. त्याच्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन बारीक दिव्यांचा समजा. फोटोच्या फाइलीत रंग नसतोच. असतात ते आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे शून्य ते २५५ या मापात लिहिलेले असते. तिन्ही आकडे २५५ म्हणजे पांढरा, तिन्ही शून्य म्हणजे काळा.

अडचण अशी, की सगळ्या पडद्यांचे दिवे सारखे नसतात. टीव्हीच्या दुकानात ओळीने लावलेल्या संचांवर एकच क्रिकेटचा सामना चालू असतो, पण मैदानाची हिरवळ प्रत्येक संचावर निराळी दिसते. कुठे पोपटी, कुठे शेवाळी. आकडे तेच, दिवे वेगळे. यावर तोडगा म्हणून आधी रंग मोजण्याचे एक सर्वमान्य माप लागले. ते १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवून दिले. पुढे संगणकांचा सुळसुळाट झाल्यावर १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी एकत्र येऊन प्रोफाइल कसे लिहायचे याची सामाईक पद्धत बसवायला घेतली. हा पडदा कोणत्या आकड्याला नेमका कोणता रंग दाखवतो, याचे टिपण म्हणजे प्रोफाइल.

आयुष्य बँकेत गेले असल्याने मला ते परकीय चलनाच्या दरपत्रकासारखे वाटते. सकाळी दरपत्रक येते. खिडकीवरचा कारकून त्याच्याकडे पाहून डॉलरचे रुपये करून देतो. त्याचा गुणाकार बिनचूक असतो, हेतू स्वच्छ असतो. पण दरपत्रकच चुकीचे असेल, तर दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात चुकीचे रुपये पडतात, आणि पुन्हा पुन्हा गुणाकार तपासून ती चूक सापडत नाही. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम हा असाच प्रामाणिक कारकून आहे. ‘हा पडदा जरा निळसर आहे,’ असे प्रोफाइलने त्याला सांगितले, की तो भरपाई म्हणून सगळीकडे थोडा पिवळा मिसळतो. पडदा खरोखर निळसर असेल, तर हिशेब जुळतो. पडदा मुळात ठाकठीक असेल, तर मोगरा पिवळा होतो. नातवाने हा उसना पिवळेपणा खऱ्या फोटोतून वजा केला. छापखान्यातल्या यंत्राला त्याच्या पडद्याचे काय देणेघेणे? त्याने आकडे वाचले आणि निळसर माणसे छापून दिली.

हे खोटे टिपण संगणकात येते कुठून? बहुधा आपण होऊन. मॉनिटर जोडला किंवा विंडोजची नवी आवृत्ती उतरवून घेतली, की उत्पादकाने बनवलेले प्रोफाइल कधी कधी न सांगता येऊन बसते. आणि ते सदोष असण्याचे प्रकार अनेक मॉनिटरांच्या बाबतीत घडलेले आहेत. कधी मॉनिटर बदलला जातो आणि टिपण मात्र जुन्याचेच राहते. भाडेकरू बदलला तरी दारावरची पाटी तीच राहावी तसे.

मग ओळखायचे कसे? ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे आपण दुसऱ्याला हिणवतो; पण इथे अंगण खरोखरच वाकडे असू शकते, तेव्हा आधी अंगण तपासावे. एकच फोटो, ज्यात पांढरे काहीतरी आहे असा, दोन प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी उघडावा. विंडोजमधला साधा ‘पेंट’ प्रोफाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘फोटोशॉप’ किंवा जुना ‘विंडोज फोटो व्ह्यूअर’ त्याला विचारल्यावाचून पाऊल टाकत नाही. पेंटमध्ये पांढरा तो पांढरा आणि दुसरीकडे पिवळट दिसला, तर संशय प्रोफाइलवर घ्यावा. दोन्हीकडे सारखाच पिवळट दिसला, तर मॉनिटरची बटणे आणि रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ ही सोय पाहावी. ती पुष्कळदा चालू राहून गेलेली असते. आणि दोन-तीन वेगवेगळ्या मॉनिटरांवर, फोनवर, सगळीकडे तोच फोटो तसाच दिसला, तर दोष फोटोचा. जुने फोटो खरोखर बिघडतातही. १९७०च्या दशकातल्या अनेक रंगीत फोटोंतला निळसर रंग अल्बमच्या अंधारातही उडत गेला आणि चेहरे तांबूस झाले. त्यांना दुरुस्ती हवीच, पण ती सरळ पडद्यावर बसून.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. विंडोजच्या शोधखिडकीत ‘कलर मॅनेजमेंट’ असे लिहावे. उघडलेल्या चौकटीतल्या ‘डिव्हाइसेस’ या पानावर आपला मॉनिटर निवडावा आणि ‘यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस’ या ओळीपुढे खूण करावी. खाली प्रोफाइलांची यादी दिसते. सध्याच्या प्रोफाइलचे नाव वहीत टिपून ठेवावे. ते काढून टाकण्याची घाई नको. मग ‘अ‍ॅड’ म्हणून ‘एसआरजीबी’ या नावाचे प्रोफाइल यादीत घ्यावे आणि ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल’ हे बटण दाबावे. फोटोचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. बहुतेक वेळा मोगरा तिथल्या तिथे पांढरा होतो. अ‍ॅपलच्या संगणकात ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्प्लेज’ या विभागात ‘कलर प्रोफाइल’ निवडता येते.

मात्र हा कामचलाऊ उपाय आहे, हे ध्यानात असावे. एसआरजीबी हे १९९६ साली ठरवले गेलेले सर्वसाधारण पडद्याचे माप. शिवलेल्या तयार कपड्यासारखे, बहुतेकांना बेताचे बसते. विस्तृत रंग दाखवणाऱ्या महागड्या मॉनिटरला ते लावले, तर रंग भडक दिसतात. ज्यांना फोटोंचे मोठे काम करायचे आहे, त्यांनी रंग मोजणारे छोटे यंत्र मिळवावे. ते पडद्यावर टेकवले की पडदा रंग दाखवत जातो, यंत्र मोजत जाते आणि त्या मॉनिटरचे त्याच्या मापाचे प्रोफाइल तयार होते. त्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा आणि खोलीतला भगभगीत दिवा पडद्यावर येणार नाही, असे पाहावे.

हे मोजमाप डोळ्यांवर सोडून भागत नाही, कारण आपला डोळा भारी समजूतदार आहे. कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही पांढरे धोतर आपल्याला पांढरेच वाटते. पिवळट पडद्यासमोर काही वेळ बसले, की डोळा त्याच्याशीही जुळवून घेतो. संसारात हा गुण मोलाचा; रंगाच्या पारखीत तोच दगा देतो. म्हणून डोळ्याला बाहेरचा साक्षीदार द्यावा लागतो.

आमच्या वेळी बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना कार्डावर असे. धनादेशावरची सही कितीही ओळखीची वाटली, तरी कार्ड काढून ताडून पाहायची, असा दंडक होता. रंगाच्या बाबतीत असे नमुना-कार्ड प्रत्येक घरात कुठे ना कुठे असते. ट्रंकेत घडी करून ठेवलेली पैठणी, देव्हाऱ्यातला मखमली आसनाचा तुकडा, अजून वापरात असलेला एखादा स्टीलच्या झाकणाचा निळा डबा. फोटोत दिसणारी वस्तू घरात असेल, तर ती आणून पडद्याशेजारी धरावी. मराठीने रंगांना नावेच मुळी अशी दिली आहेत: आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, श्रीखंडी. नाव घेतले की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते.

बँकेतला आणखी एक दंडक इथे उपयोगी आहे. खतावणीत आकडा चुकला, तर तो खरवडून काढायचा नाही, त्यावर गिरवायचे नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरी करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. फोटोंचेही तसेच करावे. स्कॅन केलेली मूळ फाइल एका वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद ठेवावी, दुसरी प्रत आणखी कुठे असावी आणि दुरुस्त्या नेहमी नकलेवर, निराळ्या नावाने कराव्यात. मूळ शाबूत असले, की प्रोफाइल बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. कागदी फोटो तर स्कॅन झाले म्हणून टाकून देऊच नयेत.

त्या कुटुंबाने आता भावंडांकडून फोटो परत मागवायला सुरुवात केली आहे. काही आले, काही वाटेत आहेत, आणि काही कोणाकडे गेले याचा पत्ता लागत नाही. नातवाने मॉनिटरचे प्रोफाइल बदलले, आणि या खेपेला काम एकट्याने करायचे नाही असे ठरवले. तो फोटो पडद्यावर मोठा करतो, शेजारी आजींची खुर्ची असते. त्या चष्मा पुसतात, बघतात आणि सांगतात, ‘‘अजून थोडा काळपट. भिजवलेल्या आमसुलासारखा.’’ तो तसा करतो, आणि फाइलीच्या नावात शालूचा रंग लिहून ठेवतो.